ययातीत एक तारा जास्तीचा

२००७ ची कोजागिरी २५ ऑक्टोबरला होती. मी नववीत होते, आम्ही तेव्हा वाईला राहायचो आणि गच्चीवर दूध आटवायचा कार्यक्रम दरवर्षीसारखाच चालला होता, म्हणजे शेगडी वर आणलेली, आई पातेल्यापाशी, शेजारच्या काकू चारोळ्या निवडत बसलेल्या, आणि आजीने मला ओवाळून झालेलं कारण घरातलं मोठं अपत्य मी, आमच्याकडे त्या दिवशी आश्विनी करतात. दहाच्या सुमारास बाबांचा मोबाईल वाजला. मामेभाऊ होता, पुण्यात इंजिनिअरिंगला, कॉलेजच्या आकाशदर्शनाच्या ग्रुपमधला. बाबांशी दोन शब्द बोलून त्याने फोन मला द्यायला सांगितला आणि हॅलो वगैरे काही नाही, एकदम म्हणाला, "ययाती ओळखता येतो ना तुला? आत्ता बघ. त्यात एक तारा जास्तीचा आहे."

ययाती हा तारकासमूह मला यायचा कारण आदल्या दिवाळीच्या सुट्टीत ह्यानेच शिकवलेला. ईशान्येला शर्मिष्ठेचा एम शोधायचा आणि तिच्या खाली उतरायचं की ययाती. चंद्र चांगला वर चढला होता, कोजागिरीचा चंद्र तो, अर्धं आकाश त्याने धुऊन टाकलेलं, तरी ययातीतला सगळ्यात ठळक तारा मिर्फाक दिसत होता, आणि त्याच्या खाली जिथे मला एकच तारा माहीत होता तिथे दोन होते. दुसरा जरा पिवळसर. धूर नाही, शेपूट नाही, नुसता तारा. दादा म्हणाला, धूमकेतू आहे तो. मी म्हटलं दादा, हा धूमकेतू कसा, ह्याला शेपूटच नाही. तो म्हणाला, "होम्स आहे तो. परवापर्यंत आमच्या कॉलेजच्या दुर्बिणीतूनसुद्धा दिसला नसता."

आजीला सांगितलं तर ती म्हणाली, "शेंडेनक्षत्र का गं? मग शेंडी कुठाय?" हा शब्द मी त्या रात्री पहिल्यांदा ऐकला. नंतर कळलं की धूमकेतूला जुन्या मराठीत असंच म्हणायचे, आणि आजीचा प्रश्न अगदी बरोबर होता, त्याचं उत्तर पुढे येईलच.

त्या एका फोनपासून हा धूमकेतू माझ्या मागे लागलाय म्हणा किंवा मी त्याच्या मागे लागलेय म्हणा. मिळेल ते वाचत गेले. आणि जितकं वाचलं तितकं एक गोष्ट डोक्यात पक्की बसत गेली, की त्या रात्री दादा फोनवर "होम्स आहे तो" असं नाव घेऊन सांगू शकला ह्यात किती लोकांची किती वर्षांची मेहनत होती. कारण हा धूमकेतू मधे ५८ वर्षं हरवलेला होता.

सुरुवातीपासून सांगते.

एडविन होम्स हा लंडनमधला हौशी माणूस. इझलिंग्टन भागात राहायचा, साधारण बारा इंची आरशाची दुर्बीण होती आणि देवयानी तारकासमूहातली दीर्घिका (म्हणजे ताऱ्यांचा प्रचंड मोठा, लांबचा समूह, आपल्याला धूसर ठिपका दिसतो) नेहमी बघायची त्याला सवय होती. म्हणजे काही शोधायचंच असं नाही, आपण जसं रोज संध्याकाळी घाटावर जाऊन नदीचं पाणी किती आहे बघतो तसं. ६ नोव्हेंबर १८९२ च्या रात्री त्याने तसंच देवयानीकडे दुर्बीण वळवली, छोट्या शोधक दुर्बिणीत धूसर ठिपका आला, तीच आपली दीर्घिका समजून मोठ्या दुर्बिणीला डोळा लावला, तर समोर भलतंच काहीतरी. तो इतक्या मोठ्याने बोलला की त्याच्या बायकोला वाटलं दुर्बिणीला काही झालं आणि ती बघायला धावत आली. मला हा प्रसंग फार जवळचा वाटतो. दुर्बिणीपाशी एकटाच बसलेला माणूस ओरडला की घरातल्यांना पहिली काळजी दुर्बिणीचीच वाटते, ज्यांच्या घरी असा माणूस आहे त्यांना हे पटेल.

ग्रिनिचच्या वेधशाळेतल्या मॉंडर ह्यांनी खात्री करून दिली. दोन-तीन दिवसांतच एडिंबराहून अँडरसन आणि तिकडे ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमधल्या मॅके गावाहून डेव्हिडसन ह्यांनाही तो आपापला सापडला. सापडणारच होता कारण तो नुसत्या डोळ्यांना दिसत होता, बाजूच्या देवयानी दीर्घिकेइतकाच ठळक.

आणि इथेच लोक घाबरले. त्याला कारण होतं. बिएलाचा धूमकेतू म्हणून एक होता, साडेसहा-पावणेसात वर्षांनी यायचा, १८४६ मध्ये लोकांच्या डोळ्यांदेखत त्याचे दोन तुकडे झाले, १८५२ मध्ये ते दोन्ही तुकडे शेवटचे दिसले आणि नंतर तो आलाच नाही. त्याच्याऐवजी २७ नोव्हेंबर १८७२ ला उल्कांचा पाऊस पडला, आणि त्या उल्का देवयानीच्या दिशेने येताना दिसल्या. १८८५ च्या नोव्हेंबरमध्ये परत तसंच. आता १८९२ चा नोव्हेंबर, तीच देवयानी, आणि तिथे एक नवा धूमकेतू जो आकाशात फारसा सरकतच नाहीये. जी वस्तू बाजूला सरकत नाही ती एकतर लांब असते नाहीतर थेट आपल्याकडे येत असते. बर्बेरिख नावाचे जर्मन गणिती होते, त्यांनी सुरुवातीच्या हिशेबावरून हा बिएलाच असू शकेल असं सुचवलं आणि मग काही दिवस पृथ्वीला टक्कर बसणार म्हणून लोकांत घबराट. आणखी वेध आले, नीट कक्षा निघाली आणि चित्र साफ झालं, हा वेगळाच धूमकेतू आहे, मंगळाच्याही पलीकडे आहे, सात वर्षांना थोड्या कमी वेळात सूर्याभोवती फिरतो, आणि पृथ्वीच्या वाटेला येतच नाही. सूर्याच्या सगळ्यात जवळ असतो तेव्हासुद्धा पृथ्वी-सूर्य अंतराच्या दुप्पट लांब.

पण मग गंमत अशी की तो सूर्याजवळून १३ जूनलाच जाऊन आलेला होता. धूमकेतू सूर्याजवळ असताना ठळक होतात, हा परत निघाल्यावर पाच महिन्यांनी दिसला. त्या पाच महिन्यांत कोणाला दिसला नाही कारण दिसण्यासारखा नव्हताच, नोव्हेंबरच्या तोंडावर एकदम भडकला, आणि होम्स बरोबर तेव्हा देवयानीकडे बघत होता. डिसेंबरपर्यंत पसरून पसरून विरत गेला, संपला असं वाटत असताना जानेवारी १८९३ मध्ये परत एकदा उजळला, मग कायमचा मंद झाला.

हे लक्षात ठेवा, पाच महिने. शेवटी लागणार आहे.

पुढच्या फेरीचं पंचांग लायडनच्या झ्विअर्स ह्यांनी मांडलं. धूमकेतूचं पंचांगच म्हणायचं त्याला, कुठल्या तारखेला आकाशात कुठे असेल त्याचा तक्ता. हाताने केलेली गणितं. त्या तक्त्यावरून १८९९ च्या जूनमध्ये कॅलिफोर्नियातल्या लिक वेधशाळेत पेरीन ह्यांना तो मिळाला, १९०६ च्या ऑगस्टमध्ये हायडेलबर्गला माक्स वोल्फ ह्यांना फोटोच्या प्लेटवर मिळाला. दोन्ही वेळा अगदी क्षीण. १८९२ सारखं तेज नाहीच, मोठ्या दुर्बिणीशिवाय सापडणार नाही असा एक डाग. आणि मग १९०६ नंतर काहीच नाही.

हरवला म्हणजे काय झालं नेमकं, हे मला कॉलेजात जाईपर्यंत नीट कळलं नव्हतं, मला वाटायचं बिएलासारखा फुटला असेल समजून सोडून दिला असेल. तसं नाहीये. १९०८ च्या शेवटी हा गुरूच्या जवळून गेला. गुरू एवढा मोठा की त्याच्या आसपास आलेल्या धूमकेतूची वाट तो वाकवतोच, आणि ह्याची वाट अशी वाकली की फेरी लांबली, सात वर्षांच्या आत यायचा तो सव्वासात वर्षांच्याही पुढे गेला, आणि सूर्यापासूनचं सगळ्यात जवळचं अंतरसुद्धा वाढलं म्हणजे आधीच मंद असलेला आणखी मंद झाला. आता तुम्ही जुन्याच रस्त्यावर त्याची वाट बघत उभे राहिलात तर तो कसा दिसणार? आणि नवा रस्ता काढायचा तर गुरूने दर पावलाला किती ओढलं ते मोजायला पाहिजे, शनीचं वेगळं, आणि हे सगळं लॉगच्या पुस्तकातून आकडे काढून हाताने. एका फेरीत थोडी चूक राहिली की पुढच्या फेरीत ती वाढते, त्याच्या पुढच्या फेरीत आणखी वाढते. काही वर्षांनी अशी वेळ येते की धूमकेतू ह्या रेषेवर कुठेतरी आहे एवढंच सांगता येतं, आणि ती रेषा आकाशात लांबलचक पसरलेली असते.

शिवाय धूमकेतू नुसते गुरुत्वाकर्षणाचं ऐकत नाहीत ही आणखी एक अडचण. सूर्याच्या उन्हाने बर्फाची वाफ होते, ती एका बाजूने फवाऱ्यासारखी सुटते, आणि धूमकेतूला उलट्या बाजूला बारीकसा धक्का बसत राहतो, दिवाळीतलं रॉकेट जातं तसा पण फारच हळू. म्हणून वेळापत्रक पुढेमागे होतं. फ्रेड व्हिपल ह्यांनी १९५० मध्ये धूमकेतूचा गाभा म्हणजे धूळमिश्रित बर्फाचा गोळा असतो हे मांडलं तेव्हा ह्या धक्क्याचा उलगडा झाला.

तर अशा सात फेऱ्या गेल्या. धूमकेतू येत होता, जात होता, आणि पृथ्वीवर एकालाही माहीत नव्हतं.

मला "हरवलेला धूमकेतू" हा शब्द पटत नाही, वाद घालायचा म्हणून नाही, खरंच. तो त्याच्या वाटेवर होता. चंद्रभागेच्या वाळवंटात लहान मूल चुकतं तेव्हा हरवलं असं आपण म्हणतो कारण त्या मुलालाही घरचे कुठे आहेत ते कळत नसतं. इथे पत्ता फक्त आपल्याकडून हरवला होता.

हा पत्ता परत काढणारा माणूस ब्रायन मार्सडन. जन्म १९३७, इंग्लंडमधलं केंब्रिज. १९४२ च्या सप्टेंबरमध्ये पाच वर्षांचा असताना शाळेतून घरी आला तर आई काजळी धरलेल्या काचेतून सूर्यग्रहण बघत होती (असं कोणी करू नका हो, डोळे जातात, तेव्हा लोक करायचे). ग्रहण बघून मुलाला मजा वाटलीच पण त्याहून जास्त नवल ह्याचं वाटलं की हे आज होणार हे आधीच कोणालातरी माहीत होतं. मोठेपणी ते सांगायचे की तिथून सगळं सुरू झालं. शाळेत असतानाच सात आकडी लॉगची पुस्तकं घेऊन धूमकेतूंवर ग्रहांचा परिणाम किती होतो त्याची गणितं करायला लागले. पुढे अमेरिकेत येलला गेले आणि तिथे कॉम्प्युटर हाताशी आला.

१९६३ मध्ये त्यांनी बऱ्याच वर्षांपूर्वी हरवलेल्या धूमकेतूंच्या कक्षांवर एक पेपर लिहिला. जुने वेध घेतले, १८९२, १८९९, १९०६ चे, आणि तिथून धूमकेतूला कॉम्प्युटरमध्ये पुढे चालवत आणलं, प्रत्येक टप्प्यावर ग्रहांची ओढ मोजत मोजत, १९०८ चा गुरू, त्यानंतरच्या भेटी, सगळं. ह्याच पेपरात टेम्पल १ नावाचा धूमकेतूही होता, तो १८७९ नंतर दिसला नव्हता आणि तोही गुरूनेच १८८१ मध्ये वळवलेला. होम्ससाठी उत्तर आलं, १९६४ मध्ये येतोय, अमुक तारखेला अमुक जागी बघा.

एकटा आकडा निघून उपयोग नसतो. कोणीतरी जाऊन बघायला लागतं. आणि त्या बघणाऱ्या बाईंबद्दल मला सगळ्यात जास्त लिहायचं होतं म्हणून हे सगळं टाइप करत बसलेय.

एलिझाबेथ रोमर. जन्म १९२९, कॅलिफोर्नियातलं ओकलंड. १९५७ पासून अमेरिकन नेव्हीच्या अ‍ॅरिझोनातल्या फ्लॅगस्टाफ वेधशाळेत होत्या, तिथे ४० इंची दुर्बीण. त्यांचं काम म्हणजे परत येणारे धूमकेतू सगळ्यात आधी पकडायचे, म्हणजे ते अजून सूर्यापासून लांब असतात, शेपूट फुटलेली नसते, नुसता एक फिकट ठिपका असतात तेव्हा. असे ७९ पुनरागमनं त्यांनी टिपली. ७९! नवीन धूमकेतू शोधला की त्याला तुमचं नाव मिळतं, आलेला धूमकेतू परत शोधला तर नाव आधीच्याचंच राहतं. होम्सला तीस-चाळीस मिनिटांत जे मिळालं असेल ते त्यांना रात्रीच्या रात्री घालवून मिळायचं आणि त्यावर नाव होम्सचंच. हे अन्यायाचं आहे असं मला म्हणायचं नाही, नियम तसा आहे आणि तो ठीकच आहे, पण आपण गोष्ट सांगताना तरी त्यांचं नाव आधी घ्यावं असं मला मनापासून वाटतं.

त्या कसं शोधायच्या तेही सांगते कारण मला ते वाचून फार भारी वाटलं होतं. फोटोची काचेची प्लेट बराच वेळ उघडी ठेवायची म्हणजे मंद प्रकाश साठत जातो. साधारणपणे दुर्बीण ताऱ्यांच्या वेगाने फिरवतात, मग तारे ठिपके येतात. पण धूमकेतू ताऱ्यांमधून सरकत असतो, त्यामुळे त्याचा प्रकाश प्लेटवर पसरतो आणि इतका मंद डाग पसरला की गायबच होतो. म्हणून रोमर दुर्बीण धूमकेतूच्या वेगाने आणि दिशेने सरकवायच्या. धूमकेतू अजून दिसलेलाच नाही, तरी तो कसा सरकत असेल ह्या गणितावर भरवसा ठेवून. मग प्लेटवर सगळे तारे छोट्या छोट्या रेघा होतात आणि त्या रेघांच्या गर्दीत एकच ठिपका गोल राहतो. तो धूमकेतू. गणित चुकलेलं असेल तर गोल ठिपका कुठेच नाही आणि अख्खी रात्र वाया.

१६ जुलै १९६४ ला त्यांच्या प्लेटवर होम्सचा धूमकेतू आला. १९ व्या प्रतीचा. नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसणारा तारा सहाव्या प्रतीचा असतो आणि हा त्याच्याहून दीडेक लाख पट मंद. मार्सडननी सांगितलेल्या जागेच्या आसपासच. ५८ वर्षांनी.

(टेम्पल १ ची गोष्ट पण अशीच झाली. १९६७ मध्ये रोमर ह्यांनी प्लेट्स घेतल्या, काही मिळालं नाही असं वाटलं, नंतर परत नीट बघताना जूनमधल्या एका प्लेटवर एक अंधुक ठिपका सापडला, आणि १९७२ च्या फेरीत तो पक्का झाला. त्याच धूमकेतूवर ४ जुलै २००५ ला नासाच्या डीप इम्पॅक्ट यानाने एक तुकडा आपटवून आतलं काय बाहेर येतं ते बघितलं. पत्ताच नसता तर यान पाठवलं कुठे असतं?)

सगळेच असे परत मिळत नाहीत. लेक्सेलचा धूमकेतू १७७० मध्ये पृथ्वीपासून बावीसेक लाख किलोमीटरवरून गेला, इतक्या जवळून गेलेल्या धूमकेतूंची नोंद फारच थोडी आहे, आणि १७७९ मध्ये गुरूने त्याला असा काही वळवला की तो आजतागायत परत दिसलेला नाही. बिएला तर फुटलाच, यादीत त्याच्या नावाला पी (परत परत येणारा) नाही, डी (नाहीसा झालेला) लागतो. होम्सला १७पी.

१९६४ नंतर होम्स कधी सुटला नाही. १९७२, १९७९, ८६, ९३, २०००, प्रत्येक फेरीला कोणी ना कोणी त्याची हजेरी घेतली. बातमी अशी कधी झाली नाही कारण बातमी होण्यासारखं काही घडतच नव्हतं, एक मंद ठिपका आला, मोजला, गेला. मे २००७ मध्येसुद्धा तसाच सूर्याजवळून जाऊन आला, ४ तारखेला. ऑक्टोबरमध्ये सतराव्या प्रतीपर्यंत उतरला होता.

२४ ऑक्टोबरच्या पहाटे कॅनरी बेटांमधल्या टेनेरीफवर हेन्रिकेझ सांताना ह्यांना तो भलताच उजळलेला दिसला. आणि तो उजळतच गेला. बेचाळीसेक तासांत सतराव्या प्रतीवरून २.८ प्रतीवर आला म्हणजे जवळजवळ पाच लाख पट. पाच लाख पट हे लिहिताना पण मला दर वेळी परत आकडा तपासावासा वाटतो. गाभा किती मोठा तर साडेतीनेक किलोमीटर. म्हणजे आमच्या जुन्या घरापासून मेणवलीच्या घाटापर्यंत चालत जावं एवढा तो सगळा, आणि पृथ्वीपासून साडेचोवीस कोटी किलोमीटरवर, आणि आम्ही दुधाचे पेले हातात धरून तो गच्चीवरून बघत होतो.

आणि त्या पहाटे टेनेरीफला दिसलं तेव्हा "हे काय आहे" असा प्रश्न कोणाला पडलाच नाही. पंचांगात जागा लिहिलेली होती. त्या जागी १७पी असायला हवा, तोच भडकलाय, बास. मिनिटांत नाव कळलं, नावाबरोबर १८९२ आठवलं, दिवसभरात ईमेल जगभर फिरले, पुण्याच्या होस्टेलवर पोचले आणि दुसऱ्या दिवशी रात्री दहाला आमच्या गच्चीवर. १९६४ ची ती प्लेट मिळाली नसती तरी २००७ चा उजेड पडलाच असता, तो काही आपल्यासाठी पडत नाही, पण मग आधी नवा धूमकेतू सापडला असं झालं असतं, कक्षा काढायला दिवस लागले असते, आणि मग कुठे जुन्या कागदांशी जुळवून कोणी म्हणालं असतं की अरे हा तर तो. दादाचा फोन वेगळा झाला असता. आजीने मला ओवाळलं त्या रात्री मी नाव न कळलेला एक तारा बघितला असता, किंवा बघितलाच नसता.

आजीच्या शेंडीचं उत्तर. धूमकेतूची शेपूट सूर्याच्या विरुद्ध दिशेला असते. तेव्हा सूर्य जवळजवळ आपल्या पाठीमागे आणि धूमकेतू समोर अशी रचना होती, म्हणजे शेपूट त्याच्या मागे आपल्यापासून लांब जात होती आणि आपल्याला समोरून फक्त तोंड दिसत होतं. मोठ्या दुर्बिणींच्या फोटोंमध्ये निळसर पुसट शेपूट आली, आमच्या डोळ्यांना नाही.

चारेक दिवसांनी शाळेतल्या विज्ञानाच्या सरांनी त्यांचा बायनॉक्युलर दिला आणि त्यातून तो तारा राहिला नव्हता, छोटी गोल चकती झालेली, मध्ये पिवळट आणि कडेला अंधुक वलय. मग रोज मोठा होत गेला. दिवाळीत मी फटाके सोडून गच्चीवर असायचे. लक्ष्मीपूजन त्या वर्षी ९ नोव्हेंबरला, अमावास्या, चंद्राची अडचण नाही, फटाक्यांचा धूर जरा खाली बसल्यावर अकरानंतर तो नुसत्या डोळ्यांना कापसाच्या पुंजक्यासारखा दिसला. नंतर वाचलं की त्याच दिवशी हवाईच्या खगोलशास्त्रज्ञांनी त्याच्या धुळीच्या गोळ्याचा व्यास मोजला, चौदा लाख किलोमीटर, सूर्यापेक्षा जास्त. साडेतीन किलोमीटरच्या गाभ्यातून निघालेली धूळ सूर्याहून मोठी झाली होती, अगदी विरळ, मागचे तारे आरपार दिसावेत इतकी, पण मोठी. नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात तो मिर्फाकला जाऊन भिडला आणि मिर्फाकच्या उजेडात त्याची कड शोधायला लागायची. डिसेंबरात माझ्या डोळ्यांपुरता संपला.

का भडकला ह्यावर वाद आहेत. व्हिपलनी १९८४ मध्येच १८९२ च्या दोन उजळण्यांसाठी सुचवलं होतं की ह्याला एक छोटा उपग्रह असावा आणि तो येऊन आपटला असावा. २००७ नंतर त्यापेक्षा आतूनच काहीतरी झालं असं म्हणणारे जास्त आहेत. आतलं बर्फ अतिथंडीत काचेसारखं बिनस्फटिकी गोठलेलं असतं, सूर्याची ऊब हळूहळू आत झिरपते आणि पाच महिन्यांनी तिथे पोचल्यावर ते बर्फ स्फटिकात बदलायला लागतं, त्यात उष्णता सुटते, अडकलेला वायू सुटतो, दाब वाढतो आणि वरचं कवच उडतं. कुकरची शिट्टी नाही, झाकणच. मला हे पटतं, उशीर का होतो त्याचं कारण त्यात मिळतं म्हणून.

अजून एक, २०२२ मध्ये फिनलंडच्या संशोधकांनी दाखवलं की २००७ मध्ये उडालेले कण आता आपापल्या वेगळ्या कक्षांमध्ये फिरतायत, कोणी पुढे कोणी मागे, पण प्रत्येकाची कक्षा त्या स्फोटाच्या जागेतून जातेच. म्हणजे थोड्या थोड्या वर्षांनी ते सगळे तिथे परत जवळ जवळ येतात, जिथे सुटले त्या जागी. मी हे वाचल्यावर मोबाईल बाजूला ठेवून जरा वेळ नुसती बसून होते.

२०१४ च्या फेरीला मी पुण्यात नोकरीला होते, एकदा वांगणीला आकाशदर्शनाला गेले तेव्हा विचारलं, तर तिथल्या दुर्बिणीच्या आवाक्याबाहेर होता. २०२१ च्या फेरीला लॉकडाऊनची वर्षं आणि घरात वेगळंच चाललेलं, आजी त्याच वर्षी गेली. दोन्ही वेळा तो शांतपणे आला आणि गेला, तक्त्यात बघून मला माहीत होतं कुठे आहे ते, एवढंच. कोजागिरीला मात्र मी न चुकता वर जाते, शर्मिष्ठेवरून ययातीत उतरते आणि मिर्फाकच्या खाली बघते. तिथे आता एकच तारा असतो, तो नेहमीचा.

पुढची फेरी २०२८ च्या सुरुवातीला आहे. १८९२ ला सूर्याजवळून गेल्यावर पाच महिन्यांनी भडकला, २००७ ला साडेपाच महिन्यांनी. मधल्या कितीतरी फेऱ्यांना काहीच झालं नाही, त्यामुळे होईलच असं कोणी सांगणार नाही, पण मी हिशेब करून ठेवलाय. पाच-साडेपाच महिने म्हणजे जून संपता संपता किंवा जुलै. आमच्याकडे तेव्हा आभाळ भरलेलं, आठ-आठ दिवस सूर्यसुद्धा दिसत नाही तिथे ययातीचं काय. दादा आता कॅनडात असतो. त्याला परवा व्हिडिओ कॉलवर हे सांगितलं तर तो म्हणाला तारीख लिहून ठेवतो, दिसला तर फोन करतो. त्याच्याकडे मध्यरात्र असेल तेव्हा आमच्याकडे दिवस असणार आणि बाहेर पाऊस चालू असणार. मी म्हटलं तरी कर.